हा कोनाचा?

बाई, काल गुरुवार होता. तू गेल्यानंतरचे दोन गुरुवार आम्ही बसलोच नाही. कोणी कोणाला विचारलंसुद्धा नाही. अकरा वाजले तसं ज्यानं त्यानं आपापल्या शेडचं दार लोटून घेतलं. रविवारी तुझी तेरवी झाली. आम्ही सगळे एकाच गाडीतून तुझ्या गावाला आलो, पंगतीत मांडीला मांडी लावून जेवलो. प्रत्येकाच्या पोटात एकच प्रश्न होता. शेवंताबाईशिवाय गुरुवारची बैठक चालणार, की तिच्यासोबत तीही गेली?

काल काय झालं ते तुला सांगायचंय. पण मला तुझ्यासारखं एका दमात मुद्द्यावर येता येत नाही. त्यावर तू किती वैतागायचीस! "सांग नं व लवकर, मासोळी नासून राह्यली!" आता घाई नाही तुला. आता ऐक निवांत.

आणि मी मधेमधे सगळ्यांना कळेल असं समजावून सांगेन, कारण हे दुसरेही वाचतील. "मले काऊन सांगून राह्यली, मले माईत नाई का?" असं म्हणू नकोस.

आपलं विज्ञान-तंत्रज्ञान पार्क म्हणजे गडचिरोलीच्या कडेला सहा शेडची एक रांग, समोर एक बोअरवेल आणि माझं टिनाचं ऑफिस. पहिल्या दिवशी तू आत आलीस आणि कमरेवर हात ठेवून विचारलंस, "पार्क हाये तं झुले कुठी हायेत?" मी वेडी, मला वाटलं तुला खरंच तसं वाटलंय. पाच मिनिटं मी तुला संशोधन, उद्योग, तंत्रज्ञान असं सगळं सांगत होते, आणि तुझ्यामागे तुझी सून रेखा पदर तोंडाशी धरून हसून हसून लाल झाली होती. मग मी गोंडपिपरीची आहे हे तुला कळलं, तेव्हा तर तू कपाळालाच हात लावलास. "आमच्याच तालुक्याची पोरगी, अन् बोलून राह्यली पुन्यावानी!" पहिले चार महिने मी तुला तुम्ही म्हणत होते. तेही तूच मोडलंस. "तुमी तुमी काऊन करतं? मी काय तहसीलदार हावो?"

तुझ्या मच्छीमार बायांच्या संस्थेनं कोपऱ्यातली शेड घेतली, झिंगे आणि बारीक मासोळी वाळवायला. शेजारच्या शेडमध्ये सारंग. नागपूरचा, हुशार, तापट, धानावर औषध फवारणारी ड्रोन बनवणारा. त्याच्यापलीकडे दुलसा आणि त्याच्या गावची मंडळी, एटापल्लीकडची, बांबूचं काम करणारी. पुढे माती तपासणारी प्रयोगशाळा, मोहफुलांचे पदार्थ करणारा गट, धानाच्या कोंड्यापासून विटा पाडणारे दोघं भाऊ. या सगळ्यांनी एकत्र बसावं, एकाच्या डोक्याचा दुसऱ्याला उपयोग व्हावा, सगळ्यांच्या मिळून नव्या कल्पना निघाव्यात, हे घडवून आणणं म्हणजे माझी नोकरी. त्याचं पाच दिवसांचं प्रशिक्षण मी घेतलं होतं. रंगीत चिठ्ठ्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे घेऊन आले होते.

ती पहिली बैठक आठवली की मला अजून लाज वाटते. भिंतीला मोठे कागद लावले, हातात चिठ्ठ्या दिल्या, आणि म्हटलं, आपापल्या कल्पना मोकळेपणानं मांडा, कोणतीही कल्पना चूक नसते. सगळ्यांनी पोहे खाल्ले. चहा प्यायले. चिठ्ठ्यांवर लिहिलं, "सहकार्य वाढवावे." "परस्पर समन्वय असावा." एकानं लिहिलं, "पाण्याची सोय उत्तम." सारंगनं कोरी चिठ्ठी घडी करून दिली. कोरी चिठ्ठी तुझीही होती. सगळे गेल्यावर मी ते कागद भिंतीवरून ओरबाडून काढत होते आणि तू दारात उभी राहून बघत होतीस.

"रडून राह्यली काय?"

"नाही," म्हटलं. रडत होते.

तू आत आलीस, खुर्ची सोडून खाली फरशीवर बसलीस. "पोरी, मासोळी कुठी लागते ते कोनी सांगते का? आमच्यात सख्खा भाऊ सख्ख्या भावाले सांगत नाई. अन् तू म्हनते भिंतीवर लिहा." मग म्हणालीस, "पन जाळं कुठी फाटलं ते सगळे सांगतेत. ते सांगाची लाज नाई वाटत. फाटलं तं फाटलं."

मला लगेच काही उमजलं नाही. तेव्हा तू मला तुमच्या तळ्याच्या वाटणीची गोष्ट सांगितलीस. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी उतरलं की अख्खं गाव एका दिवशी मासेमारीला उतरतं. कोणाच्या जाळ्यात काय आलं याला महत्त्व नाही, सगळी मासोळी काठावर एका ढिगात ओततात. मग जितकी घरं तितके वाटे पाडतात. एक माणूस वाट्यांकडे पाठ करून बसतो. दुसरा एकेका वाट्यावर बोट ठेवून ओरडतो, "हा कोनाचा?" आणि पाठमोरा माणूस एकेक नाव घेतो. त्याला दिसतच नाही कुठल्या वाट्यात मरळ आहे आणि कुठल्यात नुसते झिंगे. म्हणून भांडण नाही.

"पाठमोरं कोणाला बसवतात?" मी विचारलं.

"ज्याले सगळ्यात जास्त संशय असते त्याले," तू म्हणालीस. "मंग तो कोनाले बोलन? वाटनी त्यानंच केली नं!"

मी प्रशिक्षणाचं पुस्तक बंद केलं ते आजतागायत उघडलं नाही.

त्याच वेळी तू आणखी एक सांगितलंस. ते मी तेव्हा नुसतं ऐकलं, पण काल ते कामी आलं. तुझा नवरा फाल्गुनात गेला आणि पुढं वैशाखात तळं उतरलं. तू घरीच होतीस. काठावरून निरोप आला की टोपली घेऊन ये. तू गेलीस तर नाव पुकारलं तुझ्या नवऱ्याचं, जिवंत माणसासारखं, मोठ्यानं. माणूस गेला तरी त्या सालापुरता त्याचा वाटा पडतोच, असा तुमचा रिवाज. तू पदर खोचून पुढे झालीस आणि वाटा उचललास. पुढच्या साली तुझ्या स्वतःच्या नावाचा वाटा पडला, कारण तोवर तू जाळं घेऊन पाण्यात उतरली होतीस. गावातली पाण्यात उतरलेली पहिली बाई. हे सांगताना तू रडली नव्हतीस. उलट हसत होतीस, की पहिल्या दिवशी तुझ्या जाळ्यात फक्त एक खेकडा आणि कोणाचीतरी चप्पल आली होती.

पुढच्या गुरुवारी बैठक तू घेतलीस. दुलसाच्या शेडमधून बांबूची टोपली आणलीस आणि माझ्या त्या रंगीत चिठ्ठ्या वाटून सांगितलंस, कल्पना लिहू नका, आपलं जाळं कुठी फाटलं ते लिहा, एकच. ज्याला लिहिता येत नाही त्याची मॅडम लिहील. सगळ्या चिठ्ठ्या टोपलीत. मग टेबल बाजूला सारून फरशीवर चिठ्ठ्यांची रांग. आणि खोलीभर नजर फिरवून तू बोट रोखलंस सारंगवर. "तुमी या. भिंतीकडे तोंड करा."

"मीच का?"

"तुमाले सगळ्यात जास्त संशय हाये म्हनून."

दोनच दिवसांपूर्वी त्यानं तुझ्या मासोळीच्या वासाबद्दल माझ्याकडे लेखी तक्रार केली होती. त्याचं तोंड असं झालं! पण बसला. तू चिठ्ठीवर बोट ठेवून तुझ्या त्या तळ्याकाठच्या आवाजात ओरडलीस, "हा कोनाचा?" आणि बोअरवेलपाशी पाणी पिणारी शेळी दचकून पळाली. सगळे हसले. माझ्या पार्कात सगळे मिळून पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

नियम तुझेच. ज्याच्या वाट्याला जी अडचण येईल तिच्यावर त्यानं आठवडाभर डोकं चालवायचं आणि पुढच्या गुरुवारी काहीतरी उत्तर आणायचंच, खुळचट का असेना. आपलीच चिठ्ठी आपल्याकडे आली तर परत टोपलीत. आणि उत्तर कोणाचं होतं ते कुठेही लिहायचं नाही. ढिगातल्या मासोळीवर कोणाचं नाव नसतं.

आणि काय काय निघालं बाई त्या टोपलीतून! तुमची चिठ्ठी होती की ढगाळ दिवसात झिंगे ओलेच राहतात. ती गेली दुलसाकडे. त्यानं विरळ विणीचे बांबूचे थर केले, एकावर एक बसणारे, मधून वारा जाईल असे. तरी वारा कमी पडायचा. मग सारंग स्वतः, वासाची तक्रार करणारा सारंग, मोडक्या ड्रोनच्या मोटरी घेऊन तुमच्या शेडमध्ये शिरला आणि दिवसभर तिथंच ठाण मांडून बसला. संध्याकाळी बाहेर आला तेव्हा त्याच्या केसात झिंगे होते. त्याची चिठ्ठी होती की ड्रोन धानाच्या बांधीत, चिखलात उतरताना पाय मोडतात. ती तुझ्या वाट्याला आली. तू ड्रोन कधी हातात धरलं नव्हतंस. उलटं करून पाहिलंस, पायांना टिचकी मारलीस. "हे काय, वाकतच नाई. जो वाकत नाई तो मोडते." हातजाळ्याची कमान असते ना, बांबूच्या कांबीची, ती काढून त्याच्यासमोर वाकवून दाखवलीस. आज त्याच्या प्रत्येक ड्रोनला दुलसाकडच्या कांबीचे पाय आहेत. भामरागडला पुरानं रस्ता बंद असताना तेच ड्रोन पाण्यापलीकडे औषधाची पेटी ठेवून आलं तेव्हा तू आपल्या बायांना सांगत होतीस, "पाय आमचे हायेत!" मी ऐकलं होतं. नाव नको म्हणणारी तू, पण त्या दिवशी तुझी छाती अशी फुगली होती की मला हसू आवरेना. मला तेव्हा तुझा किती अभिमान वाटला हे मी तुला सांगितलं नाही. वाटलं, सांगू की, कुठं पळून जातेय ही.

आता माझ्या चुकीचं सांगते. तू पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस, पण माझ्या मनातून तो गेला नाही.

बाहेरून पाहुणे आले होते, मोठमोठे. मी त्यांना शेड दाखवत फिरत होते आणि थरांच्या नि मोटरींच्या त्या वाळवणीच्या यंत्रापाशी आल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "ही कल्पना आमच्या तरुण उद्योजकाची, सारंगची." का तसं बोलले? कारण सारंग बाजूला उभा होता, इंग्रजी बोलत होता, आणि ते लिहून घेणाऱ्यांना सोपं होतं. मागे दुलसा उभा होता. तो हातातली कांब तासत राहिला.

पुढच्या गुरुवारी टोपली फिरली आणि रिकामी परत आली. एक चिठ्ठी नाही. सगळे म्हणे, "या आठवड्यात काही अडचण नाही मॅडम. सगळं छान चाललंय." पहिल्या बैठकीसारखंच. सारंगसुद्धा मान खाली घालून बसलेला. मी तुझ्याकडे पाहिलं. तू उठलीस, टोपली माझ्या मांडीवर ठेवलीस आणि हळू आवाजात म्हणालीस, "तू एकाचं नाव घेतलं, बाकीच्यायनं जाळे उचलले." एवढंच. मला वाटलं होतं तू चिडशील. चिडली असतीस तर बरं झालं असतं.

मी प्रत्येक शेडमध्ये जाऊन माफी मागितली. दुलसाकडे गेले तेव्हा त्यानं मला बसायला मोढा दिला आणि म्हणाला, "होते मॅडम असं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन गुरुवार टोपली रिकामी. तिसऱ्या गुरुवारी तू सगळ्यांदेखत पहिली चिठ्ठी टाकलीस आणि मग बाकीच्यांच्या पडल्या. तुझ्या जिवावर माझी चूक तरून गेली, बाई.

पण त्यातूनच आपलं भांडण सुरू झालं आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणत होते, चूक एकाचं नाव घेतल्यामुळे झाली ना, मग सगळ्यांची नावं नीट लिहू या. कोणी काय सुचवलं, तारीखवार, वहीत. तू म्हणायचीस, नाई. मी म्हणायची, बाई, बाहेरच्या जगात ज्याचं नाव लिहिलेलं नसतं त्याचं काही नसतं. तू म्हणायचीस, नाई. चहा गार व्हायचा. रेखा मधे पडायची, तिला तू "चूप" म्हणायचीस आणि मी "तूच सांग रेखा" म्हणायची. बिचारी बाहेर निघून जायची.

शेवटच्या गुरुवारी मी जास्त बोलले. सगळे गेल्यावर तू चिठ्ठ्या गोळा करत होतीस आणि मी म्हटलं, "बाई, तुला नाव नको, कारण तुझं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पंचक्रोशी तुला ओळखते. दुलसाला कोण ओळखतं? त्याचं नाव लिहिलं नाही तर ते कोण घेणार? तू त्याचा विचार करतेस का कधी?"

तू थांबलीस. हातातल्या चिठ्ठ्या टोपलीत टाकल्यास. मग म्हणालीस, "हे खरं बोलली तू. पुढच्या गुरुवारी सांगतो." टोपलीतल्या अडचणीसारखी माझी अडचण वाट्याला घेतलीस आणि बसला निघालीस. खिडकीतून हात केलास. मी केला नाही, अजून रागात होते. मंगळवारी सकाळी रेखाचा फोन आला.

त्या हात न केल्याचं काय करू सांग. कितीदा तरी मी ऑफिसच्या दारात उभी राहून त्या रस्त्याकडे हात करते. वेड्यासारखी.

तेरवीहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी सारंग आला. "मॅडम," म्हणाला, "बाई होत्या तोवर नावाचं ठीक होतं. त्यांच्यावर सगळ्यांचा भरोसा. आता उद्या काही झालं तर कोण सांगणार कोणाचं काय? वही करा. नावं लिहिली तर मी बसतो." राग नव्हता त्याच्या बोलण्यात. पण म्हणणं माझंच होतं, शब्दाशब्दानं माझं, जे मी तुला इतके दिवस सांगत होते. मी जिंकले होते, बाई, आणि समोर हरायला तू नव्हतीस.

तरी वही केली. लांब, लाल पुठ्ठ्याची. रकाने आखले: अडचण, उत्तर, कोणी सुचवलं. वही नसती तर सारंग उठून गेला असता, त्याच्यामागे विटांवाले भाऊ गेले असते, आणि तुझी बैठक तिसऱ्या आठवड्यात संपली असती. मला ती कशीही करून जगवायची होती.

काल अकराला सगळे आले. टोपली मधे. तुझी जागा कोणी घेतली नव्हती, रेखासुद्धा एक हात सोडून बसली. मी वही उघडली आणि म्हटलं, नवीन सुरू करण्याआधी मागचं लिहून घेऊ. वाळवणीचं यंत्र. कोणी सुचवलं?

सारंग म्हणाला, "दुलसाच्या थरांशिवाय ते उभंच राहिलं नसतं. त्याचं लिहा."

दुलसानं मान हलवली. "वारा सारंगभाऊचा."

रेखा म्हणाली, "झिंगे खालून ओले राह्यतेत हे मातीवाल्या मॅडमनं मोजून दाखवलं. आमाले तं वाटे वरून ओले हायेत."

"ते मी नुसतं मोजलं," मातीवाल्या मॅडम म्हणाल्या, "मोजायला तर बाईंनीच सांगितलं."

बरं, म्हटलं, ड्रोनचे पाय. सारंग म्हणाला बाईचे. रेखा म्हणाली, कमान दुलसाच्या बांबूची. दुलसा म्हणाला, बांबू जंगलचा, त्याचं काय. विटांवाला धाकटा भाऊ म्हणाला, कांब तापवून वाकवायची ते आमच्या भट्टीवर केलं, पण ते काही लिहू नका, भट्टी तशीही पेटलेलीच होती. मी लिहीत होते, खोडत होते, पुन्हा लिहीत होते. रकान्यात एवढी खाडाखोड झाली की शाई मागच्या पानावर उतरली. आणि बाई, मला एक गोष्ट दिसली आणि माझा हात थांबला. एकानंही स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं. एकानंही! नावं मागायला आलेल्या सारंगनंसुद्धा.

मला त्या सगळ्यांचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. हे तू केलंस. पाच दिवसांच्या प्रशिक्षणात हे शिकवत नाहीत.

तरी माझी खोड जात नाही. मी दुलसाला विचारलं, सरळ, सगळ्यांसमोर, "तुला वाटत नाही तुझं नाव कुठंतरी यावं?"

तो कधीच फारसं बोलत नाही. घरी माडिया बोलतो, मराठी त्याला जपून वापरायची सवय. कांबीचा एक तुकडा बोटावर फिरवत म्हणाला, "येते नं मॅडम. दर गुरुवारी येते. वाट्याच्या टायमाले मोठ्यानं 'दुलसाचा' म्हनतेत, सगळे आयकतेत, मंग कोनाची तरी अडचन माह्या हातात देतेत." तुकडा खाली ठेवत म्हणाला, "लोकं आपली अडचन भरोशाच्या मानसालेच देतेत. तेवढं नाव पुरते."

हे तुझं उत्तर होतं ना, बाई? पुढच्या गुरुवारी सांगतो म्हणाली होतीस ते? की तुझं वेगळंच काही होतं? मला कळायला मार्ग नाही. पण मी वही मिटली आणि सारंगकडे पाहिलं. तो म्हणाला, "राहू द्या मॅडम वही. काढा चिठ्ठ्या."

चिठ्ठ्या पडल्या, सगळ्यांच्या. रेखानं त्या फरशीवर रांगेनं मांडल्या. मग प्रश्न आला, पाठमोरं कोण बसणार? मी सवयीनं नजर फिरवली, कोणाच्या तोंडावर संशय दिसतो का ते बघायला. आणि दुलसाच म्हणाला, "मॅडम, आज तुमी बसा."

"मी? मी तर बैठक घेते."

"सगळ्यात जास्त संशय तुमालेच होता," तो म्हणाला, "का बाई गेल्यावर आमी बसू का नाई म्हनून."

मी उठले, भिंतीकडे तोंड करून बसले. समोर चुना उडालेली भिंत, पहिल्या बैठकीच्या कागदांचे डिंकाचे डाग अजून तिच्यावर. मागे कोणीतरी वाकल्याचा, बांगड्यांचा आवाज आला.

"हा कोनाचा?"

रेखा. पण आवाज तुझा गं, तोच तळ्याकाठचा, शेळी पळवणारा. आणि मी विचार करायच्या आत माझ्या तोंडून नेहमीचं पहिलं नाव निघून गेलं, कारण तुमच्या संस्थेचा वाटा कायम त्याच नावानं पुकारला जायचा:

"शेवंताबाईचा."

मी डोळे मिटून घेतले. काय बोलून बसले मी! भिंतीकडे तोंड होतं म्हणून बरं, सगळं तोंड ओलं झालं होतं. मग बांगड्या पुन्हा वाजल्या आणि रेखाचा आवाज आला, अगदी साधा, काठावर टोपली पुढे करावी तसा. "हो, तिचाच. या सालापुरता पडतेच. मी उचलतो." आणि तिनं चिठ्ठी उचलली. विटांवाल्यांची होती, पावसाळ्यात विटांना बुरशी येते म्हणून. ती चिठ्ठी वाचून झाल्याबरोबर तुझ्या बाया माझ्यामागे कुजबुजायला लागल्या, की जाळ्यालेबी बुरशी येते, आपन त्याले काय लावतो व? मग रेखा त्यांच्यावर ओरडली, "चूप, अजून वाटे बाकी हायेत!" आणि पुन्हा, "हा कोनाचा?"

मी सगळी नावं घेतली. सहा वाटे पडले.

लाल वही आता कपाटात आहे, कोणाला दाखवायला नाही. भांडण तू जिंकलीस, मी मान्य करते, लेखी. तुझं नाव मात्र वाट्याच्या यादीत ठेवलंय, पहिलंच, तुमच्या रिवाजाप्रमाणे सालापुरतं. साल संपलं की तिथं रेखाचं नाव येईल. तिला मी तसं सांगितलंही.

पण एक आहे, बाई. तुमच्या गावात तळं उतरलं की साल संपतं. आपल्या पार्कात तळं नाही. इथं साल कधी संपलं ते मॅनेजर ठरवते, आणि मॅनेजर मी आहे.